पाठमोरा पेरणारा

बेरेंट डिर्क्सला वाळीत टाकलं तेव्हा मी शाळेत जात होते. आमचं घर त्याच्या घरासमोर, मध्ये फक्त रस्ता आणि तुतीची झाडं. त्यामुळे त्याच्या बायकोबद्दल, युस्टिनाकाकूबद्दल, गावात बाकीचे ऐकून सांगतात ते मी पाहून सांगते आहे.

झालं ते असं. कापणीचे दिवस होते, आमचं सगळं हायडेनफेल्ड गाव शेतात होतं. बेरेंटकाका पाण्याचं पिंप भरायला एकटाच घरी आला, तर आमच्या आळीतल्या तबेल्यांतून तीन परकी माणसं घोडी सोडत होती. आम्ही मेनोनाइट, रशियात येऊन वसलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक. आमच्यात शस्त्र धरत नाहीत, फौजेत जात नाहीत, अंगावर येणाऱ्यावर हात उचलत नाहीत. काकाने खळ्यावरचं लाकडी दाताळं उचललं. दोघे पळाले. तिसऱ्याचा गुडघा फुटला. त्याला सोबत्यांनी नंतर ओढ्याकाठून उचलून नेलं, आणि तो जन्माचा लंगडा झाला असं पुढे कानावर आलं.

त्या संध्याकाळी सगळी आळी काकाच्या अंगणात जमली होती. "बेरेंट, तू होतास म्हणून रे," असं म्हणणाऱ्यांत माझा बापही होता. आणि पुढच्या रविवारी सभाघरात त्याला बाहेर काढायला ज्यांनी हात वर केले, त्यांतही माझा बाप होता. दोन्ही वेळा तो मनापासूनच वागला. घोडी वाचल्याचा आनंद खरा होता, आणि नियम मोडल्याचं दुःखही खरं होतं.

आमच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते टोबियास पांक्रात्स. उंच, हळू बोलणारे. त्यांनी काकाला वाचवायचा खूप प्रयत्न केला.

"बेरेंट, हात उचलला ते चुकलं, एवढंच म्हण. पुढचं मी बघतो."

"चुकलं असतं तर म्हटलं असतं, पाळकबाबा."

"मनातून वाटत नसलं तरी आधी तोंडाने म्हण. मन मागून येतं."

"माझं मन तसं सवयीचं नाही. त्याला तोंडाच्या पुढे चालायची खोड आहे." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं काका म्हणाला, "उद्या आले तर उद्याही हाणीन."

झालं. मोठ्या गावांतल्या मंडळ्यांत हे नियम कधीच ढिले पडले होते, पण आमची मंडळी छोटी आणि कडक. वाळीत टाकलेल्या माणसाच्या हातून काही घ्यायचं नाही, त्याच्या ताटाला ताट लावून जेवायचं नाही. बायकोनेसुद्धा नाही. त्या दिवशी युस्टिनाकाकूने घरातलं लांब टेबल भिंतीकडे सरकवलं, भट्टीजवळचं पीठ मळायचं छोटं टेबल पुसून त्यावर वेगळं कापड घातलं, आणि दोन्हींच्या मध्ये हात जाईल एवढी फट ठेवली. लांब टेबलावर ती बसायची, छोट्यावर काका. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती फट सांधायला मध्ये दुसरं कोणी नव्हतं.

काका आपला तसाच होता. मी त्यांच्याकडे दूध द्यायला जायचे तेव्हा तो जेवायला बसलेला असायचा. मोठ्याने हाक मारायचा, "अगं ए, पलीकडच्या गावात आज कोबीचं सार झालंय म्हणतात. आमच्या गावात येईल का जरा?"

काकू वाटी भरून त्याच्या टेबलावर ठेवायची. हातात नाही द्यायची. "तुमच्या गावचे लोक फार बडबडे," म्हणायची.

"एकच माणूस आहे गावात. त्याने बडबड नाही करायची तर कोणी करायची?"

दोघंही हसायची. मला तेव्हा वाटायचं, असंही चालतं. आता वाटतं, हसू हेच त्यांचं एका टेबलावर जेवण होतं. पण तेही दरवर्षी थोडं थोडं कमी होत गेलं. सहा-सात वर्षं गेली. काका शेतात एकटा, सभाघरात मागच्या बाकावर एकटा, प्रार्थना संपली की सगळ्यांच्या आधी बाहेर. लोक त्याला रस्त्यात भेटले की हवापाण्याचं बोलायचे, तेवढ्याला मनाई नव्हती.

एका हिवाळ्यात त्याचा वाढदिवस आला. काकूने दुमजली पाव भाजले, टरबुजाचा पाक काढला. काका सकाळी टेबलाशी आला आणि बसलाच नाही. त्याने छोट्या टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

"युस्टिना, आज एक दिवस ही दोन गावं जोडू या. दार लावलंय. कोण बघतंय?"

"बघणारा बघतोय," काकू म्हणाली.

"बरं," काका म्हणाला. "मग त्यालाच बोलव जेवायला."

त्याने टोपी घातली, बर्फावरून ओढायची गाडी, स्लेज, घोडीला जोडली आणि पीठ आणायला गिरणीवर निघून गेला. काकू खिडकीशी उभी होती. तिने त्याची पाठ पाहिली. डावा खांदा उतरता, टोपी मागे सरकलेली. हाक मारावीशी वाटली, असं तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पण हाक मारून म्हणायचं काय, हे सुचेना.

दुपारी वादळ आलं. आमच्याकडे स्टेपच्या उघड्या माळावर वादळ आलं की जमीन आणि आभाळ एक होतं, आपला हात आपल्याला दिसत नाही. घोडी रिकामी स्लेज ओढत घरी आली, अंगावर बर्फाची साल. लोक दोऱ्या धरून, कंदील घेऊन शोधायला गेले. वाळीत टाकलेल्याला शोधायला कुणी मागेपुढे पाहिलं नाही, हे सांगायलाच हवं. तिसऱ्या दिवशी वारा पडला तेव्हा तो सापडला. पार गावात येऊन पोचला होता. पाळक पांक्रात्स यांच्या धान्याच्या कोठाराला टेकून बसलेला, वाऱ्याच्या आडोशाला. घराचं दार तिथून हाकेच्या अंतरावर.

त्याने दार वाजवलं होतं की नाही? दार शोधता शोधता गळला, की दार दिसूनही थांबला? 'कशाला त्यांना अडचणीत टाकायचं' असं त्याच्या मनात आलं असेल का? यावर गावात कोणी बोललं नाही. पण त्यानंतर वारा सुटला की आमच्या आळीत बोलणारी माणसं मध्येच थांबायची. माझी आई हातातलं काम सोडून दाराकडे बघायची आणि मग उगाच म्हणायची, "मांजर असेल."

त्याला तुतीच्या कुंपणाबाहेर पुरलं. दफनभूमी कुंपणाच्या आत, तो बाहेर.

काकूने छोटं टेबल उचललं नाही. रोज त्यावर कापड घालायची, रोज काढायची. त्या खिडकीवर तिने जुनी गोधडी टांगली, दिवसासुद्धा. "उजेड टोचतो डोळ्यांना," म्हणायची. तिला अंगणात स्लेजच्या धावांचा आवाज यायचा, उन्हाळ्यातही यायचा. तो आला की ती हातातलं भांडं खाली ठेवून थांबायची आणि मग पुन्हा उचलायची. मी विचारलं, "काकू, भीती नाही वाटत?" तर म्हणाली, "आवाज येतो याची नाही गं वाटत. तो अंगणापर्यंत येतो आणि आत येत नाही, त्याची वाटते."

गाव वसल्याला शंभर वर्षं व्हायची होती, रशियाची जपानशी लढाई सुरू झाली त्या वर्षी. तोवर माझं लग्न होऊन मी त्याच आळीच्या दुसऱ्या टोकाला सासरी गेले होते. मंडळीने ठरवलं, प्रत्येक घराला एक चांदीचं पदक द्यायचं. काही म्हातारे म्हणाले, पदकं लढवय्यांना देतात, आपल्याला कशाला? पाळक म्हणाले, "आपले आजे-पणजे इथे आले तेव्हा इथे गवताशिवाय काही नव्हतं. ही आठवण आहे. छातीवर लावायची नाही, कपाटात ठेवायची." मग सगळ्यांनी मान्य केलं.

साचा कोरायचं काम गेलं नेलिस डिर्क्सकडे. हा बेरेंटकाकाचा धाकटा भाऊ, घड्याळजी. गावातल्या प्रत्येक भिंतीवर लंबक हलतो तो त्याच्याच हातचा. भाऊ वाळीत पडल्यापासून तोही त्याच्याशी जेवला नव्हता. नियम सगळ्यांना सारखा. मुळातच कमी बोलणारा, भाऊ गेल्यापासून तर घड्याळंच जास्त बोलत.

पाळकांनी त्याला सांगितलं, "एका बाजूला आपलं सभाघर. दुसऱ्या बाजूला बी पेरणारा माणूस. पण कुणाचा चेहरा नको. मूर्ती करू नका, अशी आज्ञा आहे."

"मग पाठमोरा दाखवतो," नेलिस म्हणाला.

"हां. पाठमोरा चालेल."

त्याने पोलादी साचे हिवाळाभर कोरले. पदकं शहरात, येकातेरिनोस्लाव्हला पाडून आणली. सुगीच्या प्रार्थनेच्या रविवारी सभाघरात वाटली. एकेका घराचं नाव घ्यायचं, घरातल्या कुणीतरी उठून पाळकांच्या हातून फडक्यात गुंडाळलेलं पदक घ्यायचं. युस्टिनाकाकू माझ्या शेजारी बसली होती, बायकांच्या बाजूला. 'डिर्क्स, विधवा,' असं नाव आलं, ती जाऊन घेऊन आली. बसून फडकं उलगडलं.

आधी सभाघराची बाजू. सुरेख होती, खिडक्यांच्या झडपासुद्धा दिसत होत्या. तिने ते उलटं केलं.

नांगरलेली जमीन, आभाळ, आणि पुढे चालत जाणारा एक माणूस. गळ्यात बियांची झोळी. टोपी मागे सरकलेली. डावा खांदा उतरता. आणि बी फेकणारा हात डावा. आमच्या गावात डाव्या हाताने पेरणारा एकच माणूस होता.

काकूने किती वेळ ते हातात धरलं, मला सांगता यायचं नाही. मग तिने माझ्या हातातल्या पदकाकडे बोट केलं आणि अगदी हळू विचारलं, "लेना, तुझ्या यातही तोच आहे का?"

"हो, काकू."

"सगळ्यांच्या?"

मी मान वर केली. सभाघरात गाणं सुरू व्हायला हवं होतं, पण कुणी सुरू करेना. बाकाबाकांवर माणसं माना खाली घालून आपापल्या तळहातात बघत होती. जो कुणाच्या टेबलाशी बसू शकत नव्हता, त्याला आता प्रत्येक जण आपल्या घरी घेऊन जाणार होता.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी नेलिसला बोलावलं. त्या खोलीत माझा सासरा होता, त्याच्याकडून मी हे ऐकलं. पाळकांनी नेलिसपुढे सुटायची वाट ठेवली होती.

"नेलिस, साचा उलटा कोरावा लागतो ना? म्हणजे उजवं ते डावं. तुझ्याकडून चुकून हात उलटा राहिला असेल."

"नाही, पाळकबाबा."

"माणसाची चूक होते रे."

"जन्मभर आकडे कोरतोय. माझ्या कुठल्या घड्याळात तीन वाजायच्या जागी नऊ वाजलेत?"

"म्हणजे मुद्दाम केलंस?"

नेलिस म्हणाला, "तसंही नाही. मी पेरणारा माणूस काढायला बसलो. लहानपणी मी त्याच्याच मागे मागे चालायचो, ढेकळं फोडत. पेरणारा माणूस म्हटलं की मला दुसरा कुणी येतच नाही. दोनदा पुसून काढला. तिसऱ्यांदाही तोच आला."

पाळकांनी त्याला घरी जायला सांगितलं. 'चुकलं' एवढं म्हण, असं ते एका डिर्क्सला पूर्वी म्हणाले होते. दुसऱ्याला म्हणायचं त्यांनी टाळलं.

पुढचे दिवस विचित्र गेले. लोकांनी पदक काचेच्या कपाटात ठेवलं, पण सभाघराची बाजू वर करून, पेरणारा खाली. आणि मग एकेका घरातून कुजबूज यायला लागली. सकाळी पाहावं तर पेरणारा वर. पुन्हा उलटं करावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. एका घरात झालं, दुसऱ्या घरात झालं. विहिरीवर बायका एकमेकींकडे न बघता विचारायच्या, "तुमच्याकडे?" आणि दुसरी नुसती मान हलवायची. आमच्यात भुतंखेतं मानत नाहीत. पण माझ्या शेजारणीने कपाटासमोरून जाताना पाय न वाजवता जायला सुरुवात केली. एक म्हातारा तर जेवताना कपाटाकडे पाठ करून बसायला लागला. मग म्हणाला, तो मागून बघतो. आणि पुन्हा तोंड करून बसला.

आमच्या घरातलं कोडं मला सुटलं. एका सकाळी मी लोणी काढून आत आले, तर माझी सासू कपाटाशी. माझी सासू म्हणजे कडक बाई, बेरेंटकाकाच्या नावाने जिने कधी एक उसासा टाकला नाही. तिने पदक उचललं, उलटं करून पेरणारा वर केला आणि दार लावलं. मला पाहून दचकली.

"आई, तुम्ही?"

"पालथा पडलाय किती वेळ," ती चिडून म्हणाली. "श्वास कोंडेल त्याचा. आणि तू कुठे बोलू नकोस."

मी बोलले नाही. पण मला तेव्हा समजलं की प्रत्येक घरात असं कुणीतरी आहे, आणि कुणीही दुसऱ्याला सांगणार नाही.

युस्टिनाकाकूचं मात्र उलटं झालं. तिने लोकांकडे जाणंच सोडलं. जिथे जावं तिथे काचेमागे तो, आणि दर वेळी निघालेला. "अगं, एकदा बघितलं होतं मी ते," मला म्हणाली. "एकदाच. खिडकीतून. आता सगळं गाव मला तेच दाखवतंय." एकदा ती नेलिसकडे गेली आणि म्हणाली, एक असं कर की त्यात तो वळलेला असेल. नेलिस रडला. म्हणाला, "वहिनी, मी त्याच्या मागेच चालायचो गं. तोंड मला आठवत नाही."

नाताळच्या आधी मंडळीच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, हे थांबवायचं. पदकं गोळा करायची, वितळवायची. पाळक स्वतः पिठाची रिकामी गोणी खांद्यावर टाकून घरोघर निघाले. आणि आमच्या गावात, जिथे शपथसुद्धा घेत नाहीत कारण माणसाचं 'हो' म्हणजे हो, तिथे घरोघर लोक खोटं बोलले. कुणी म्हणालं, मुलांनी खेळताना हरवलं. कुणी म्हणालं, विहिरीत पडलं. माझी सासू सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "डुकराने गिळलं." त्या वेळी पदक पिठाच्या डब्यात होतं आणि पाळकांचा हात त्याच डब्यावर टेकलेला होता.

ते शेवटी युस्टिनाकाकूकडे आले तेव्हा मी तिथे होते, हंसाची पिसं निवडायला बसले होते. त्यांनी दारात बूट झटकले. गोणी तशीच चपटी.

"युस्टिना, शंभर वर्षांत या गावात एवढं खोटं कोणी बोललं नसेल," ते म्हणाले. "तूही सांगून टाक. तुझं कशाने गिळलं?"

काकू उठली. फळीवरून फडकं काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "हे घ्या."

ते बघतच राहिले. "तू देतेस?"

"मला पाठ नको, पाळकबाबा. पाठ माझ्याकडे आहे."

पाळक मटकन बसले. जवळ जे होतं त्यावर बसले, म्हणजे भट्टीजवळच्या छोट्या टेबलाशी, त्या कापडापुढे. त्यांच्या ते लक्षात यायला वेळ लागला. मग त्यांनी त्या कापडाकडे पाहिलं, पलीकडच्या लांब टेबलाकडे पाहिलं, मधल्या फटीकडे पाहिलं. हे त्यांनीच सांगितलं होतं. पण घालून ठेवलेलं त्यांनी कधी पाहिलं नसावं.

काकूने भाजलेल्या जवाची कॉफी ओतून त्यांच्यापुढे ठेवली.

"आमच्याकडेही ते उलटं होतं रोज," ते म्हणाले. "आगाथा करते. मी पाहिलं तिला. विचारलं का करतेस, तर म्हणाली, 'तुम्हाला दिसावा म्हणून.'" आगाथा म्हणजे त्यांची बायको. त्यांनी कॉफीला हात लावला नाही. "त्या दुपारी झडप वाजली होती, युस्टिना. मी म्हणालो, वारा आहे. आगाथा म्हणाली, 'वारा काही थांबून थांबून ठोठावत नाही.' मी म्हणालो, बस खाली. माझ्या मनात आलं होतं, तो असेल तर त्याला आत घ्यावं लागेल, शेकायला बसवावं लागेल, खायला द्यावं लागेल, आणि मग कुठल्या टेबलावर? एवढाच विचार केला मी. कुठल्या टेबलावर. तोवर आवाज थांबला."

काकू उभीच होती. मला वाटलं ती आता ओरडेल, किंवा तो कप त्यांच्या अंगावर फेकेल. तिने विचारलं, "किती वेळा ठोठावलं?"

"तीनदा."

"म्हणजे त्याने हाक मारली होती. आत यायचं होतं त्याला," ती म्हणाली आणि पुन्हा पिसं निवडायला बसली. तिचे हात चालत होते, पण काळी पिसं आणि पांढरी पिसं एकाच गोणीत जात होती.

पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेश केला नाही. सगळ्यांसमोर उभं राहून हेच सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाले, "त्याला जसं वागवलं तसं मला वागवा."

म्हाताऱ्यांतला एक उठून म्हणाला, "भावा, तू चूक कबूल केलीस. जो कबूल करतो त्याला आपण आत घेतो. नियम आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. किती पटकन! बेरेंटकाकाने एक शब्द म्हटला नाही म्हणून त्याला जन्मात आत घेतलं नाही. यांनी म्हटला आणि गाणं संपायच्या आत माफी मिळाली. हे पाळकांच्याही लक्षात आलं असणार. ते म्हणाले, "तुम्ही द्याल. पण ज्याच्याकडे मागायची तो इथे नाही." आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

त्या दिवसापासून त्यांनी घरात आपलं टेबल वेगळं केलं. पाळकपण सोडलं. आगाथाकाकू चिडायची, रडायची, म्हणायची, "अहो, मी दार उघडायला उठले होते ना? मग मला कसली शिक्षा, एकटीने जेवायची?" ते ऐकत नसत. महिना गेला, दोन गेले. माणूस वाळत चालला. आगाथाकाकूने मला सांगितलं, मी युस्टिनाकाकूला सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की तिला थोडं बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी साराचं पातेलं फडक्यात बांधून माझ्या दारात आली. "चल. एकटीला उचलत नाही."

पांक्रात्सांच्या स्वयंपाकघरात दोघं दोन टेबलांशी बसली होती. युस्टिनाकाकूने पातेलं ठेवलं, शाल काढली आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "उठा. त्या बाजूने धरा."

"युस्टिना, नको."

"धरा म्हणते ना. माझी कंबर दुखते."

त्यांनी धरलं. टेबलाचे पाय फरशीवर कर्रकन ओरडले आणि दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या. काकूने वरून एकच कापड पसरलं, चौघांना वाढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. त्यांचा चमचा हलेना, तेव्हा तिने आपल्या पावाचा तुकडा मोडून त्यांच्या वाटीत टाकला. "जेवा. निवतंय."

ते जेवले. आगाथाकाकू शालीच्या टोकाने नाक पुसत जेवली. युस्टिनाकाकूही जेवली, सगळं, वाटी पुसून. मी म्हटलं, झालं, सुटली ही.

परतताना ती रस्त्यात मध्येच थांबली आणि तुतीच्या एका झाडाला धरून उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"लेना, इतकंच होतं गं ते," ती म्हणाली. "एक टेबल ओढायचं. मी यांच्यासाठी ओढलं. ज्याच्यासाठी ओढायचं, त्याच्यासाठी नाही ओढलं." आणि मग ती जी रडली, ते मी कधी विसरणार नाही.

घरी जाऊन तिने छोटं टेबल लांब टेबलाला जोडलं. खिडकीवरची गोधडीही काढली. पण स्लेजचा आवाज थांबला नाही. उलट, वारा सुटला की ती आता उठून दार उघडायची, सताड, आणि उंबऱ्यात उभी राहायची. बर्फ घरात यायचा. पाळक वारल्यावर आगाथाकाकू तिच्याकडे राहायला आली, ती ठार बहिरी झाली होती, पण थंडी काही बहिरी नसते. ती आतून ओरडायची, "अगं दार लाव! मारतेस का मला?" ही म्हणायची, "बघून येते जरा." दोघींची रोजची भांडणं. गावात म्हणच पडली होती, वारं आलं की डिर्क्सबाईचं दार उघडं.

मग ते वाईट दिवस आले. राजा गेला, क्रांतीवाले लाल आले, राजाच्या बाजूचे पांढरे आले, कुणालाच न मानणाऱ्या काळ्या निशाणवाल्यांच्या टोळ्या आल्या. गाव दोनदा लुटलं गेलं. कपाटं फुटली, उरलेली पदकं कुणाकुणाच्या खिशात गेली. थोडी पुढे भुकेच्या वर्षी राय धान्याच्या पिठापायी गेली. सगळ्या गावाने दारांना आतून तुळया लावल्या. युस्टिनाकाकूला मी हात जोडून सांगितलं, आता तरी दार लावत जा.

"लावते की," म्हणाली. वारा सुटला की उघडायची.

अशाच एका वादळात तिच्या दारातून एक माणूस आत आला आणि भट्टीपुढे कोसळला. दाढीवाला, अंगावर कुठल्यातरी फौजेचा कोट, पण कुठल्या फौजेचा ते कळू नये म्हणून बिल्ले उपटलेले. तापाने फणफणलेला, अंगभर उवा. तिने त्याचे कपडे भट्टीत जाळले, त्याला बेरेंटकाकाचा सदरा घातला आणि चमच्याचमच्याने सार पाजलं. त्याच्या उशाशी बसूनच ती जेवायची. त्याचा ताप उतरला आणि तिला चढला. आमच्याकडे त्या हिवाळ्यात उवांमुळे पसरणाऱ्या टायफसच्या तापाने घरंच्या घरं गेली.

मी रोज जायचे. शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती. एकदा मात्र अगदी स्वच्छ विचारलं, "आत आला ना?" मी म्हटलं, "हो, आला." कोण ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

गावात धडधाकट पुरुष राहिले नव्हते, जमीन दगडासारखी गोठलेली. खड्डा त्या परक्यानेच खणला, अजून पाय लटपटत असताना, कुदळीने एकेक ढेकूळ फोडत. तुतीच्या कुंपणाबाहेर, बेरेंटकाकाशेजारी. जागा आगाथाकाकूने काठीने दाखवली. खणून झाल्यावर त्याने टोपी काढली आणि तिला रशियनमध्ये मोठ्याने विचारलं, "आजी, ही तुमची कोण?"

तिला ऐकू आलं की नाही, देव जाणे.

"आमच्याकडे एकदा जेवायला आली होती," ती म्हणाली.

त्याने माती लोटली. मग आम्ही तिघं घरी येऊन जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो निघून गेला. त्याचं नाव आम्ही विचारलंच नाही.